चौदाव्या दिवसाची डबी

दौंडमधली बहुतेक माणसं सकाळी सहा ते आठमधे संडासला जातात, म्हणून मलाही त्याच वेळात नाल्यावर असावं लागतं. गंमत नाही करत, नियमच आहे तो आमचा. त्या दोन तासांत नाल्यातून जे वाहतं ते सगळ्यात ताजं. मग मी गमबूट चढवते, हातमोजे एकावर एक दोन, दोरी बांधलेली बादली पुलावरून खाली सोडते, बाटलीत एक लिटर भरते, बाटली बर्फाच्या निळ्या पेटीत, पेटी स्कूटीवर पायांपाशी, झालं. शिरूरलाही आमची एक जागा आहे, घोडनदीकडं जाणारा नाला, तिथं दुसऱ्या दिवशी. निळी पेटी बघून पोरं मागं धावतात, त्यांना वाटतं कुल्फी.

आई पाहुण्यांना सांगते, लॅबमधे आहे. मामा सगळ्यांसमोर म्हणाला होता, गटारच उपसायचं होतं तर दहावीलाच बोलायचं ना, बीएस्सीची तीन वर्षं वाचली असती. सगळे हसले, मीही हसले.

काम तसं सोपं आहे सांगायला. पोलिओचा विषाणू पोटात राहतो आणि शीतून बाहेर पडतो. बहुतेक पोरांना काही होतच नाही, खेळत असतात, आणि एखाद्याचाच पाय जातो. म्हणजे पाय जायची वाट बघत बसलात तर उशीर झाला. नाला मात्र आधी सांगतो. म्हणून नाला तपासायचा. आणि दुसरं अर्धं काम म्हणजे पाय शोधायचे. दर आठवड्याला शिरूरचे, दौंडचे बालरोगवाले डॉक्टर, छोटे दवाखाने, मालिश करणारे, सगळ्यांकडं जाऊन एकच प्रश्न, पंधरा वर्षांच्या आतल्या कुणाचा हात-पाय अचानक लुळा पडलाय का? ते म्हणतात नाही, मी वहीत शून्य लिहिते. शून्य लिहायचं हीच माझी नोकरी आहे असं मी मैत्रिणींना सांगायचे.

पहिला महिनाभर मला जेवण जात नव्हतं. आता त्याच पुलाच्या कठड्यावर बसून मी वडापाव खाते. कधी बदललं ते कळलंच नाही.

तर झालं असं, की दौंडच्या एका बाटलीत पोलिओ उगवला. सरांनी, म्हणजे आमच्या कामावर देखरेख करणारे डॉक्टर, त्यांनी फोनवर सांगितलं. लगेच घाबरायचं नसतं, कारण तोंडातून थेंब दिलेल्या बाळांच्या शीतूनही तो येतो, तो डोसाचा, त्यानं काही बिघडत नाही. पण तोच जर डोस न मिळालेल्या पोरांमधे एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरत राहिला, तर बदलतो, आणि मग पाय घेऊ शकतो. यातला कुठला, ते मोठी लॅब सांगणार होती, त्याला वेळ लागतो. तोवर डोळे उघडे ठेव, एवढंच सर म्हणाले.

त्याच आठवड्यात शिरूरच्या एका डॉक्टरांना मी नेहमीसारखं विचारलं आणि वहीत शून्य लिहायला पेन टेकवलं, तर ते म्हणाले, थांब, एक आहे गं. चार वर्षांची मुलगी, उजवा पाय, ताप येऊन गेला आणि सकाळी उठली तर उभीच राहीना. आज नववा दिवस. तापाच्या थोडं आधी मामाकडं राहायला गेली होती.

मामा कुठला विचारलं तर दौंडचा.

इथं एक नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. पाय लुळा पडला की चौदा दिवसांच्या आत त्या पोराच्या शीचे दोन नमुने घ्यायचे, दोघांमधे चोवीस तासांचं अंतर पाहिजे. चौदाच्या पुढं गेलं तर विषाणू पोटातून कमी होत जातो, मग लॅब "नाही" म्हणाली तरी त्या "नाही"चा भरवसा कमी. दोन डब्या, चौदा दिवस. बस.

वस्ती वडगाव रासाईच्या पुढं, भीमेच्या अंगाला, चारी बाजूंनी ऊस. स्लॅबचं घर, ट्रॅक्टर, गाया. घरात मुलीचे आजोबा, त्यांना सगळे आबा म्हणतात, सोसायटीच्या राजकारणातले. आजी. मुलीची आई, माझ्यापेक्षा एक वर्षानं लहान. आणि मुलीचा दोन वर्षांचा भाऊ, धाकटा. मुलीचा बाप रांजणगावला कंपनीत, शिफ्टला गेलेला.

आजीनं आधी आडनाव विचारलं. मी सांगितलं. चहा आला, मला कागदी कपात आणि बाकीच्यांना स्टीलच्या पेल्यात. मला ते दिसलं आणि मी प्यायले. त्या दिवशी खरंच काही वाटलं नाही, माझं सगळं लक्ष खाटेवर होतं. मुलगी खाटेवर बसून चित्राचं पुस्तक बघत होती आणि तिला वळायचं असलं की दोन्ही हातांनी उजवा पाय उचलून बाजूला ठेवायची, बाजारची पिशवी सरकवावी तसा. रडत नव्हती. नऊ दिवसांत सवय झाली होती तिला.

आबांनी मला तीनदा विचारलं की कागदावर गावाचं नाव येतं का. पोलिओ-बिलिओ आमच्यात नसतोय, डोस सगळे दिल्यात, असं म्हणाले. मी तो शब्दच काढला नव्हता, सरांनी सांगितलं होतं काढू नको. आई, म्हणजे मुलीची आई, मला दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच विचारलं, ताई, त्यातनं कळंल ना कशानं झालंय ते? मी म्हटलं, हो, कळेल. फार भरभर म्हटलं. मी सगळंच भरभर बोलते.

पोरगी खात नव्हती आणि पाय गेल्यापासून तिला शी नीट होत नव्हती. दहावा दिवस नाही, अकरावा नाही. बाराव्या दिवशी सकाळी सातला फोन आला, झाली. मी केस न विंचरता निघाले. पहिली डबी पेटीत. आता उद्या याच वेळेनंतर दुसरी.

तेराव्या दिवशी मी दहा वाजता जाऊन बसले ते संध्याकाळी सहापर्यंत. पपई दिली, कोमट दूध दिलं, आजीला एरंडेल द्यायचं होतं ते मी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको म्हटलं. मुलीनं माझ्या फोनवर मांजरांचे सगळे व्हिडिओ बघून संपवले. दर अर्ध्या तासानं तिला बसवायचं, आई तो पाय धरून ठेवायची, काही नाही. शेजारच्या वस्तीवरची बाई आली, तिनं विचारलं या कशाला बसल्यात, तर आजीनं सांगितलं, आमच्या पोरीच्या हागायची वाट बगत्यात सरकारी मॅडम. ती बाई पदर तोंडाला लावून हसत बसली. आजी हसत होती पण तिला मनातून फार लाज वाटत होती, दिसत होतं. पाहुण्याला जेवायला वाढायला घरात काही नसावं, तशी. आमच्यापायी तुझा दिस गेला गं, असं चारदा म्हणाली. दुपारी तिनं मला भाकरी, पिठलं वाढलं. ताट त्यांच्यातलंच होतं, स्टीलचं.

चौदाव्या दिवशी साडेआठला आबांचाच फोन. काम झालंय, या.

मी पोचले तर आजी दारातच उभी, हातात डबी, डबीवर पिशवी, पिशवीला दोन गाठी. फॉर्मवर लिहायचं असतं, किती वाजता, आणि आम्हाला शिकवलेलं असतं की ज्यानं बघितलं त्याला विचारा, शक्य तर स्वतः बघा. मी विचारलं, कधी झाली? आजी म्हणाली, मगाशीच. मी लिहिलं, सकाळी आठ. मुलीची आई आत होती, बाहेर आली नाही. मी आत गेले नाही. स्कूटी चालू करायच्या आधी ग्रुपवर टाईप केलं, दुसरं सॅम्पल मिळालं!!! चौदावा दिवस!!! वेळेत!!! आणि तीन बदाम. सरांनी अंगठा टाकला. दीड वर्षांत मला आलेला त्यांचा पहिला अंगठा. डबी त्याच दिवशी पुढं गेली.

सोळाव्या दिवशी मी परत गेले, फक्त लसीच्या कार्डाचा फोटो काढायचा राहिला होता. ओट्यापाशी मुलीची आई कार्ड शोधत होती, मी असंच विचारलं, आता पोट कसंय तिचं, रोज होते का? ती कार्ड शोधायची थांबली. म्हणाली, चार दिवस झालं, झालीच न्हाई.

मी बोटांवर मोजलं. चार दिवस म्हणजे बाराव्या दिवसापासून.

"मग परवाची?"

तिनं धाकट्याकडं बघितलं. तो खाली बसून कांद्याची सालं गोळा करत होता.

आजी मागच्या दारातून आली आणि तिला अजिबात काही लपवायचं नव्हतं. "धाकट्याची हाय ती. आदल्या दिशी तू दिसभर बसलीस, मोकळी गेलीस. दुसऱ्या दिशी बी मोकळीच धाडायची व्हय? आमच्या दारातनं कोन रिकाम्या हातानं जात न्हाई." मग पुढं म्हणाली, "आन् एका आईची हायेत दोघं, एका ताटात जेवत्यात. त्याचं आन् तिचं निराळं काय असतंय?"

खरं सांगते, मला राग नाही आला. येईल म्हणून मी थांबले, पण नाही आला. कानात नुसतं फ्रिजचं घूं ऐकू येत होतं. मला एवढंच दिसत होतं, माझं अक्षर, सकाळी आठ.

आबा बाहेरून सगळं ऐकत होते. आत येऊन खुर्चीत बसले आणि शांतपणे समजावलं की डबी तर गेली, आता कशाला उकरायचं. "धाकटा धडधाकट हाय. रिपोट चांगलाच येनार. तुमचं बी काम झालं, आमचं बी झालं."

बरोबरच होतं त्यांचं. कुणाला कळलं नसतं. लॅबला डबीवरचा नंबर दिसतो, आतलं कुणाचं ते दिसत नाही. वेळेत दोन डब्या, काम चोख, माझं काँट्रॅक्ट दोन महिन्यांनी संपत होतं आणि सरांचा अंगठा ग्रुपवर सगळ्यांनी बघितलेला होता. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, एकामागं एक, यादीसारखं. कशाचंच वजन वाटत नव्हतं.

तेव्हा मुलीची आई बोलली. आबांसमोर ती बोललेली मी तोवर ऐकलीच नव्हती. खालीच बघत होती.

"आबा, मला चांगला नगं रिपोट. तिचा पायजे."

धाकट्यानं सालं माझ्या पायांवर ओतली.

मी अंगणात गेले, ग्रुपवर टाईप केलं, खोडलं, परत टाईप केलं, खोडलं. मग फोन लावला. सर, दुसरी डबी पेशंटची नाही, भावाची आहे, मी न बघता घेतली. सरांनी विचारलं, डबीचा नंबर काय. सांगितला. ओरडले नाहीत. म्हणाले, लॅबला मी कळवतो, ती बाद. आता तिची घे, उशिरा तर उशिरा, पण समोर बसून. आणि आसपासच्या पाच पोरांचीही घे, तिची वेळेत मिळाली नाही की तसंच करायचं असतं, तिच्यात असला तर त्यांच्यातही सापडू शकतो. आणि लेखी स्पष्टीकरण दे, चूक कशी झाली. ते मी त्याच रात्री लिहिलं, नऊ ओळी. दारातून रिकामं जाऊ देत नाहीत हे कसं लिहायचं ते मला सुचलं नाही, मी लिहिलं, गैरसमजातून.

सतराव्या दिवशी झाली. माझ्यासमोर. प्लास्टिकच्या लाल भांड्यावर मुलगी, मागून आईनं दोन्ही काखांत धरलेली, तो पाय मी धरला होता कारण तो घसरत होता. गार होता पाय, दुसऱ्यापेक्षा गार. मुलगी मला म्हणाली, तू माझी शी कुटं नेनार? मी म्हटलं, पुण्याला, मग तिथून मोठ्या गावाला. कशाला? मी म्हटलं, तपासायला. ती म्हणाली, धाकट्याची लई वास मारती, माजी न्हाई मारत. मी म्हटलं, हो. खरंच मला वास आला नव्हता, पण मला आता कशाचाच येत नाही.

पाच पोरांच्या डब्यांना आजी माझ्याबरोबर वस्त्यावस्त्यांवर फिरली. तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येक दारात जाऊन दम भरायची, ज्याची त्याची पायजे, बगून घेनार, शेजाऱ्याची चालायची न्हाई. एका बाईनं विचारलं, आजी नोकरीला लागला का? तर म्हणाली, व्हय, हागनदारीची इन्स्पेक्टर झाले. दोन दिवसांत पाचही मिळाल्या, सगळ्या आमच्या दोघींच्या डोळ्यांसमोर.

मग वाट बघायची. वाट बघण्याचं सांगण्यासारखं काही नसतं. मी दौंडला बादली सोडत होते, शिरूरला बादली सोडत होते, वहीत शून्य लिहीत होते. मुलीची आई एक दिवसाआड नवऱ्याच्या फोनवरून विचारायची, आलं का? मी लिहायचे, अजून नाही. त्या दोन शब्दांना फोन आता आपोआप सुचवतो, "अ" टाईप केलं तरी.

आधी दौंडचं आलं. नाल्यातला विषाणू डोसाचाच निघाला, साधा. मग एका दुपारी मी एसटीत होते, चौफुल्याच्या पुढं, आणि मुलीचं आलं. दोन्ही डब्यांत पोलिओ नाही. पाच पोरांतही नाही. तिच्या पहिल्या डबीत दुसराच कुठला तरी पोटातला विषाणू सापडला होता, त्याच खानदानातला पण पोलिओ नव्हे, पोरांत खूप सापडतो म्हणतात, म्हणून पाय त्यानंच गेला असं म्हणता येत नाही. मला वाटलं होतं असं आलं तर मी ओरडेन, उठून उभी राहीन, शेजारच्या बाईला सांगेन. मी मेसेज पुढं पाठवला, ग्रुपवर हात जोडलेले टाकले, सगळ्यांनी अंगठे टाकले, आणि कंडक्टरला विचारलं पाटस गेलं का. गेलं नव्हतं.

आबांनी पेढे वाटले. गावात, सोसायटीत, आमच्या ऑफिसलाही एक पुडा आला. माझं काँट्रॅक्टही वाढलं, स्पष्टीकरण फाइलला लागलं आणि कुणी परत विषय काढला नाही.

साठाव्या दिवशी परत बघायचं असतं, पाय आला का नाही. सर आणि मी गेलो. मुलगी चालत होती. म्हणजे सगळे म्हणत होते बघा चालती, आणि ती चालत होतीच, पण उजवा पाय पुढं टाकायच्या आधी कंबर वर उचलायची, आणि टाच टेकत नव्हती. सरांनी तिला दारापासून गोठ्यापर्यंत चालवलं, परत आणलं, परत चालवलं. टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. मग मला म्हणाले, लिही, अशक्तपणा बाकी, होय. मी "होय"च्या चौकोनात खूण केली.

आजीनं ते बघितलं. तिला वाचता येत नाही, पण खूण कुठल्या बाजूला झाली ते कळलं असावं.

"पर ते नव्हतं ना म्हनत होता तुमी? पेढं वाटलं आमी."

मी म्हटलं, "नाहीच आहे आजी ते."

"मग कशाचं हाय?"

"आम्ही तेवढंच शोधतो. ते आहे का नाही."

"आन् पायाचं कोन शोधतंय?"

सर फॉर्मवर सही करत होते. त्यांनी उत्तर दिलं, चांगलं दिलं, की नसांचे डॉक्टर असतात, चिठ्ठी देतो, काही पोरांचा पाय वर्षभरानंही भरून येतो, काहींचा थोडा राहतो, व्यायाम सोडायचा नाही. आजी ऐकत होती, मान हलवत होती, आणि आबा उठून ट्रॅक्टरकडं गेले.

मुलीच्या आईनं चिठ्ठी घेतली, ब्लाउजमधे ठेवली, परत काढून बघितली, परत ठेवली. मला म्हणाली, त्या दिशी तुमी म्हनला व्हता कळंल म्हनून. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, हो, म्हटलं होतं. मग ती म्हणाली, व्यायाम कसा करायचा ते एकदा दावा तरी.

तिथंच सतरंजी टाकली. सरांनी एकदा दाखवलं, टाच तळहातात धरायची, पाऊल हळू वर ढकलायचं, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. तिनं केलं. मी माझ्या फोनवर व्हिडिओ काढला, तिच्या नवऱ्याच्या नंबरवर पाठवायला. मुलगी पडल्या पडल्या मोठ्यानं मोजत होती, एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, आठ. आई म्हणाली, सात राहिला. मुलगी परत एकपासून सुरू झाली, आणि आईनं पाऊल तसंच वर धरून ठेवलं.